खेतवाडीतून रणाकडे

गिरगावात राहणाऱ्याला खेतवाडी कुठे ते सांगावं लागत नाही. एकामागोमाग एक गल्ल्या, गल्लीगल्लीत गणपती आणि त्या दहा दिवसांत पाय ठेवायलाही जागा नाही. माझं सगळं बालपण तिथल्याच एका चाळीत गेलं. पक्षी म्हणाल तर कावळे, कबुतरं, वळचणीच्या चिमण्या आणि संक्रांतीच्या सुमारास मांज्यात अडकलेली एखादी घार. एवढ्यावर माझं पक्षीज्ञान संपत होतं. त्यामुळे देशातला सर्वांत मोठा पक्षीतज्ज्ञ आमच्याच खेतवाडीत वाढला, ही गोष्ट मला कळली ती घरापासून कितीतरी लांब, भुजच्या एका लॉजमध्ये. आणि तीही फजिती झाल्यावर!

झालं असं की पाचव्या सेमिस्टरचे पेपर संपल्यावर आम्ही हॉस्टेलची चौघं कच्छला गेलो. वांद्र्याहून रेल्वेने भुज आणि तिथून भाड्याच्या दोन बाइक. रूममेटच्या मोठ्या भावाचा डीएसएलआर कॅमेरा आणि त्याची भलीमोठी लेन्स हातापाया पडून मिळवली होती. खावड्याहून धोलावीराकडे जाणारा रस्ता रणातून सरळ जातो. हिवाळ्यात दोन्ही बाजूंना पाणी आणि मीठ. त्या पाण्यात लांबवर गुलाबी रेघ दिसली. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो! झालं, बाइक रस्त्यावरून खाली घातल्या. वरचा मिठाचा पापुद्रा कडक दिसतो, पण खाली नुसता चिखल. पन्नास मीटरवर पुढचं चाक रुतलं, आम्ही दोघं आडवे, आणि इंजिनाच्या आवाजाने सगळा थवा उठून गेला. माझ्याकडे चाळीस फोटो आले. चाळीसही फोटोंत उडत निघालेल्या पक्ष्यांच्या पाठी. बाइक काढायला दोन तास लागले ते वेगळंच.

रात्री लॉजच्या मालकांना ही कथा सांगितली. काका हसले नाहीत. मुंबईत कुठले, असं त्यांनी विचारलं. मी गिरगाव सांगितल्यावर ते म्हणाले की तुमच्याच गावचा एक माणूस महारावांच्या काळात इथे येऊन रोहितांच्या गावापर्यंत उंटावरून जाऊन आला होता, त्याचं नाव तरी माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. सालिम अली हे नाव शाळेच्या पुस्तकात येऊन गेलं होतं एवढंच. चेहरा आठवत होता, टोकदार पांढरी दाढी. पण खेतवाडी?

परत आल्यावर आमच्या लायब्ररीत त्यांचं आत्मचरित्र सापडलं. सबमिशनच्या दिवसांत जर्नल बाजूला ठेवून ते वाचून काढलं (परिणाम व्हायवाला दिसलाच). मग आणखी काही शोधून वाचलं. त्यातून जे कळलं ते हे.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सालिमचा जन्म झाला. भावंडांतला सर्वांत धाकटा. एक वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हतं. त्यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी या भाचरांना वाढवलं. शिक्षणाची सुरुवात दोन बहिणींबरोबर गिरगावातल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत झाली, पुढे सेंट झेवियर्स. तब्येत नाजूक, डोकेदुखीचा त्रास, त्यामुळे शाळा सारखी बुडायची. गणिताशी त्याचं कधी जमलं नाही. १९१३ साली मॅट्रिक झाला तो कसाबसाच. आपल्यातल्या बऱ्याच जणांना इथेच हा माणूस आवडू लागेल.

पण मधे चिमणीची गोष्ट घडली होती. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे भाच्याच्या हाती छऱ्याची खेळण्यातली बंदूक. दहा-एक वर्षांच्या सालिमने एक चिमणी पाडली. उचलून बघतो तर गळ्याशी पिवळा डाग. घरच्या चिमण्यांना असा डाग नसतो. ही कोणती, असं त्याने मामांना विचारलं. मामांनाही माहीत नव्हतं. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते, १८८३ साली सुरू झालेली ही संस्था तेव्हा फोर्टात होती. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, मिलर्डसाहेबांकडे, पाठवलं. पोरगं घाबरत घाबरत, हातात कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन गेलं. मिलर्डने ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचं सांगितलं, आणि मग एकामागून एक खण उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. खेतवाडी ते फोर्ट, चालत गेलं तर पाऊण तासाचं अंतर. तेवढ्या अंतरात एका मुलाचं आयुष्य ठरलं म्हणायला हरकत नाही, पण ते त्यालाही तेव्हा कळलेलं नव्हतं.

कारण पुढची कित्येक वर्षं नुसती धरसोड आहे. कॉलेज अर्धवट सोडून १९१४ साली तो ब्रह्मदेशात, तावॉयला गेला. तिथे घरच्यांचा वुल्फ्रामच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. वुल्फ्राम म्हणजे आपलं टंगस्टन. पहिलं महायुद्ध चालू, टूल स्टीलसाठी त्याला मागणी प्रचंड. तरीही धंदा काही चालला नाही, कारण मालक खाणीपेक्षा जंगलात जास्त. तीन वर्षांनी मुंबईला परत. मग कॉमर्स, हिशेब, कायदा, आणि त्याच्या जोडीला सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये फादर ब्लाटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्र. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिनाशी लग्न झालं. आता इथून पुढे अहो-जाहो करणं भाग आहे.

सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली. सालिम अलींनी अर्ज केला. विद्यापीठाची रीतसर पदवी नाही म्हणून जागा मिळाली नाही. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या प्राणी विभागात गाइड लेक्चरर म्हणून नेमणूक झाली, पगार महिना साडेतीनशे. त्या काळात ही रक्कम छान होती. पण दोन वर्षांत ते या कामाला कंटाळले आणि १९२८ साली रजा घेऊन बर्लिनला गेले. तिथल्या म्युझियममध्ये प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्ष्यांचा शास्त्रीय अभ्यास कसा करायचा ते शिकून घेतलं. नुसते मेलेले पक्षी मोजत बसायचं नाही, जिवंत पक्षी काय करतो ते बघायचं, ही त्यांची दृष्टी तिथे पक्की झाली.

१९३० साली मोठ्या उमेदीने परत आले, तर म्युझियमने पैशांअभावी ती जागाच रद्द केलेली! वय तेहतीस-चौतीस, बायको घरात, परदेशात शिकून आलेला माणूस, आणि नोकरी नाही. कँपस प्लेसमेंटच्या लिस्टमध्ये आपलं नाव नाही म्हणून रात्रभर गच्चीवर बसणारी मुलं आमच्या हॉस्टेलवर दर वर्षी असतात. ती आठवतात हे वाचताना.

मुंबईत राहणं परवडेना म्हणून दोघं अलिबागजवळ किहीमला राहायला गेली. आता किहीमला आपण वीकेंडला जातो, वॉटर स्पोर्ट्स वगैरे करतो. तेव्हा नारळाच्या वाड्या आणि शेतं. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. काम नाही, धंदा नाही, तर सालिम अलींनी शिडीवर कापडाचा आडोसा बांधला आणि त्यात बसून ते त्या पक्ष्यांकडे बघत राहिले. सगळा पावसाळा! कोणता नर, कोणतं घरटं, किती वाजता काय, हे सगळं वहीत टिपत.

त्यातून निघालं ते असं. सुगरणीचा नर आधी अर्धवट घरटं विणतो. मग माद्या येऊन त्याची पाहणी करतात. पसंत पडलं तर मादी राहायला येते, आणि मग नर पुढची नळी विणून घरटं पुरं करतो. (सँपल फ्लॅट दाखवून बुकिंग घेणारे बिल्डर हे कुठून शिकले ते मला इथे कळलं.) मादी अंड्यांवर बसली की हा गडी शेजारीच दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. जमलं तर तिसरं. सुगरणीचं घरटं आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं, पण हा हिशेब कोणी मांडला नव्हता. १९३१ साली हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि सालिम अली हे नाव बाहेरच्या जगाला माहीत झालं. म्युझियमची नोकरी टिकली असती तर ते पावसाळाभर किहीमला शिडीवर बसू शकले नसते, हे उघड आहे.

मग त्यांनी सोसायटीपुढे एक योजना मांडली. संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी कोणीच नीट केलेली नव्हती. संस्थानिकांनी मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्यावा, पगार नको. आणि अशा तऱ्हेने बिनपगारी माणूस हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, ग्वाल्हेर, म्हैसूर करत हिंडू लागला. तेहमिनाबाई बरोबर असत. तंबू, बैलगाडी, कंदील, आणि पहाटे चारला उठून पक्षी. वेळेच्या बाबतीत सालिम अली भयंकर कडक, आणि घोरणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग. म्हणजे आमच्या रूमवर ते एक रात्रही टिकले नसते.

१९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर रक्तात विषार पसरून तेहमिनाबाई वारल्या. मूलबाळ नव्हतं. सालिम अली पाली हिलला बहीण कमू आणि मेव्हणे हसन अली यांच्या घरी राहू लागले. आत्मचरित्रात हा भाग थोडक्यात येतो. पण १९४१ साली निघालेलं त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं ते प्रसिद्ध पुस्तक आणि त्याच्या मागोमाग आलेली कच्छची मोहीम, ही सगळी कामं त्या रिकाम्या झालेल्या घरातून निघालेल्या माणसाची आहेत, हे तारखा लावून पाहिलं की लक्षात येतं.

आता कच्छ. १९४३-४४ मध्ये कच्छचे महाराव विजयराजजी यांच्यासाठी सालिम अलींनी तिथल्या पक्ष्यांची पाहणी केली आणि १९४५ साली त्यावर पुस्तक निघालं. मोठ्या रणात पच्छम बेटाच्या पलीकडे रोहितांची वीण होते, हे विजयराजजींचे वडील खेंगारजी यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच समजलं होतं. पण तिथे पोचणं सोपं नव्हतं. पावसाळ्यात रणात पाणी भरतं, गोडं आणि खारं दोन्ही. पाणी जास्त असलं तर घरटी बुडतात, कमी असलं तर कोल्हे-लांडगे चालत येतात. सगळीकडे वीतभर पाणी राहिलं तरच ते वर्ष जमतं. आणि तेवढं पाणी असलं की माणसाला ना नाव चालवता येते, ना धड चालता येतं. राहता राहिला उंट.

१९४५ च्या एप्रिलमध्ये सालिम अली उंटावरून तिथे जाऊन पोचले. समोर चिखलाची बुटकी बुटकी बुंधं, वरून चपटी, मधे खोलगट, जेमतेम फूटभर उंचीची, एकमेकांना खेटून. प्रत्येकावर साधारण एकच अंडं. नजर पोचेल तिथवर हेच. मोठे पक्षी आणि पिल्लं धरून त्यांनी पाच लाखांचा अंदाज बांधला. ‘फ्लेमिंगो सिटी’ हे नाव उगाच पडलेलं नाही. आमच्या गिरगावात विसर्जनाच्या दिवशी चौपाटीवर जी गर्दी होते ती डोळ्यांसमोर आणा, आणि ती सगळी गुलाबी करा.

हे रोहित फार बुजरे. वसाहतीत माणूस घुसला तर घरटी टाकून थवेच्या थवे निघून जातात आणि पुन्हा त्या वर्षी परतत नाहीत. आमच्या बाइकच्या पराक्रमाचं मला जे वाईट वाटलं ते लॉजवर नाही, हे वाचताना. आम्ही उठवलेला थवा चरणारा होता, वीण करणारा नव्हता, एवढंच काय ते समाधान.

फोटोंकडे वळायचं तर इथे लोके वान थो या माणसाची ओळख करून दिली पाहिजे. सिंगापूरचा बडा असामी, सिनेमा थिएटरांचा मालक. १९४२ च्या फेब्रुवारीत जपानी सैन्य सिंगापूरला भिडलं तेव्हा हा ज्या जहाजातून निसटत होता त्यावर बाँब पडले. होरपळलेल्या, डोळ्यांनी काही काळ दिसेनासं झालेल्या लोकेला समुद्रातून वाचवलं गेलं, आणि तो भारतात आला. त्याला लहानपणी स्वित्झर्लंडच्या शाळेत शिकवणारे गिब्सनसाहेब तेव्हा इथे नौदलात होते आणि सोसायटीचे सभासदही होते. त्यांनी त्याची सालिम अलींशी गाठ घालून दिली. लोकेला पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड होतं. युद्धाच्या त्या वर्षांत तो सालिम अलींबरोबर रानोमाळ हिंडला, कच्छमध्येही गेला. डोळे जाता जाता वाचलेला माणूस पुढे पक्ष्यांचा नावाजलेला फोटोग्राफर झाला!

तेव्हाचं फोटो काढणं म्हणजे काय ते डिजिटलवाल्यांना सांगायला हवं. आजच्यासारख्या लांब पल्ल्याच्या लेन्स सहज मिळत नव्हत्या. म्हणजे पक्षी जवळच हवा. तो जवळ येणार नाही, म्हणून आपण घरट्याजवळ जायचं. पण थेट गेलं तर तो उडणार. म्हणून कापडाचा आडोसा आधी लांब उभा करायचा, पक्ष्याला त्याची सवय होऊ द्यायची, मग थोडा थोडा पुढे सरकवायचा. यात दिवस जातात. शेवटी आत बसायचं. उन्हात, घामात, खोकला दाबून. आणि फिल्म मोजकी, तीही युद्धाच्या काळात. चाळीस फोटो फटाफट मारून मग त्यातला एक निवडू, ही चैन नाही. म्हणजे किहीमच्या शिडीवर सालिम अलींनी जे केलं तेच लोके कॅमेरा घेऊन करत होता. स्वतः सालिम अली काही फोटोग्राफर म्हणून ओळखले जात नाहीत. त्यांच्याकडे दुर्बीण, वही, आणि हो, बंदूकही. अभ्यासासाठी ते पक्षी मारत, आणि त्याबद्दल त्यांनी कधी लपवाछपवी केली नाही. मला हे पटायला जड गेलं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण आज आपण दुर्बिणीतून पाहून जे नाव बिनधास्त सांगतो, ते ज्या पुस्तकांवरून सांगतो ती त्या खणांतल्या पक्ष्यांवरून तयार झाली आहेत, हेही खरं.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक खास गोष्ट राहिली. सालिम अलींना मोटारसायकलींचं जबरदस्त वेड होतं. तावॉयला एनएसयू घेतली, पुढे हार्ले डेव्हिडसन, डग्लस, स्कॉट, सनबीम, काय काय चालवल्या. १९५० साली स्वीडनच्या उप्साला गावी पक्षीशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद होती. या गृहस्थांनी आपली सनबीम मुंबईहून बोटीत चढवली, युरोपात उतरवली आणि फ्रान्स-जर्मनीतून चालवत परिषदेला गेले. वाटेत पडले, लागलं, जर्मनीच्या दगडी फरशीच्या रस्त्यांवर तर अनेकदा आडवे झाले. उप्सालात बातमी पसरली की हा माणूस थेट भारतातून बाइकवर आला आहे! तेव्हा वय ५३. रणाच्या चिखलात पडलेल्या आम्हाला हे वाचून थोडा धीर आला.

पुढचं बहुतेकांना ऐकून माहीत असेल. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभा. डिलन रिप्ली यांच्याबरोबर दहा खंडांचा पक्षीकोश. लोके वान थोने सोसायटीला आणि सालिम अलींच्या कामाला भरपूर पैसा दिला, आणि १९६४ साली तैवानमध्ये विमान अपघातात तो गेला, ४९ व्या वर्षी. १९६० च्या सुमारास सालिम अली पुन्हा रोहितांच्या गावी जाऊन आले होते, आणि त्या खेपेला तिथे पेलिकनही वीण करताना सापडले. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असं त्यांना फार वाटे. मान मोराला मिळाला. माळढोक आज कच्छमध्ये नावापुरते उरले आहेत.

त्यांची चूकही सांगायला हवी, नाहीतर हे नुसतं गौरवगीत व्हायचं. भरतपूरच्या पाणथळीत म्हशी चरू नयेत असा त्यांचा आग्रह होता. १९८२ साली चराई बंद झाली, स्थानिक लोक चिडले, गोळीबारात माणसं गेली. आणि पुढे त्यांच्याच सोसायटीच्या अभ्यासात निघालं की म्हशी नसल्यामुळे गवत माजून पाणी झाकलं जातं आणि पक्ष्यांचंच नुकसान होतं. आयुष्यभर आधी बघा, मग बोला, असं वागणारा माणूसही एका ठिकाणी बघण्याआधी बोलला. १९८७ साली ते गेले. आज त्यांचा वाढदिवस आपल्याकडच्या पक्षी सप्ताहाचा शेवटचा दिवस असतो, ५ ते १२ नोव्हेंबर. नेमका आपल्या सबमिशनचा आठवडा.

गेल्या मेच्या सुट्टीत घरी होतो तेव्हा एका सकाळी शिवडीला गेलो. शिवडीची खाडी खेतवाडीपासून तशी जवळच, तरी मी तिथे पहिल्यांदाच जात होतो. मुंबईत येणारे बहुतेक रोहित धाकट्या जातीचे. २०२२ साली सोसायटीने ठाण्याच्या खाडीत सहा रोहितांच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारे ट्रान्समीटर बसवले आणि त्यांना नावं दिली. त्यात एक सालिम, एक खेंगारजी. एक हुमायून, तो सालिम अलींचे नातलग आणि सोसायटीतले जुने पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या नावाचा. हा हुमायून खाडीतून उठून गुजरातला गेला आणि परत आला, हे सॅटेलाइटवर दिसलं. आम्ही रेल्वेने आणि बाइकने गेलो त्याच दिशेला, चिखलात न रुतता.

जेट्टीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि रोहित फार लांब, अटल सेतूच्या बाजूला. आधीसारखे आता येत नाहीत, असं तिथला एक चहावाला म्हणाला. कॅमेरा या वेळी नव्हताच, मोठ्या भावाने परत नेला होता. जुनी जर्नलची वही होती. भरती चढू लागली की पाणी त्यांना किनाऱ्याकडे ढकलतं, त्यामुळे नुसतं बसून राहायचं होतं. साडेसातला बसलो. सव्वानऊपर्यंत वहीत एकवीस ओळी झाल्या होत्या, आणि सगळ्यांत पुढचा पक्षी इतका जवळ आला होता की तो चोच उलटी धरून पाणी गाळतो ते मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.